काळी चूळ, कोरा नकाशा

कॅन्टीनच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जेवणाची लांबलचक टेबलं भिंतीकडे सारली होती, बाकांवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, त्यांच्या मागे पुरुष उभे होते आणि खिडक्यांच्या गजांना पोरं लटकली होती. कापड कारखान्याचा सुट्टीचा दिवस. एरवी या लोकांना सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठवायचं म्हणजे दिव्य असतं, पण आज माग चालवणारे, रंगखात्यातले, सूत गुंडाळणाऱ्या बायका, सगळे सकाळपासून येऊन बसले होते. दारातच कोऱ्या चहाचं भलंमोठं पिंप होतं आणि चहा प्यायल्याशिवाय कोणालाही पुढे सोडत नव्हते.

"घ्या, घ्या, दोन-दोन कप घ्या!" बाबाचा चेला ओरडत होता. "साधा चहा नाही हा. आतलं विष सैल करतो!"

मला चहाने पित्त होतं असं सांगून मी कप परत केला. चेल्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मागच्या रांगेत ढकललं.

समोरच्या चौथऱ्यावर बाबा बसला होता. पांढरे कपडे, पांढरी दाढी आणि पुढ्यात चिनी मातीचे पांढरेशुभ्र वाडगे. लोक त्याला विषहर्ते बाबा म्हणत. मी त्याला चूळबाबा म्हणते आणि या गोष्टीत तेच नाव चालेल.

"तंबाखू वाईट नाही, लेकरांनो!" चूळबाबा सुरू झाला. "ती तर वनस्पती. वनस्पती कधी वाईट असते का? वाईट असतं तिच्यातलं विष. आणि डॉक्टर काय करतात? जबडाच कापतात! अरे, घरात उंदीर शिरला म्हणून कोणी घर पाडतं का? मी घराला हात लावत नाही. मी फक्त उंदीर बाहेर काढतो!"

हॉलभर हशा पिकला. क्षणभर मलाही हसू येणार होतं आणि त्यामुळे माझा राग आणखी वाढला.

मग त्याने पहिल्या माणसाला वर बोलावलं. तो माझा सख्खा थोरला भाऊ होता.

दादा चौथऱ्यावर चढला तो शाळेत बक्षीस घ्यायला निघालेल्या पोरासारखा. चेल्याने त्याला तांब्यातून पाण्याचा घोट दिला. "खळाळून चूळ भर. गालात फिरव. आता टाक!" दादाने वाडग्यात चूळ टाकली. पांढऱ्या वाडग्यात पडलेलं पाणी काळंकुट्ट होतं, शाई सांडावी तसं. बायकांनी तोंडाला पदर लावले. "पाहा!" बाबा ओरडला, "वीस वर्षांचं विष!" दुसरी चूळ राखाडी निघाली. तिसरी स्वच्छ. शेवटी चेल्याने दादाच्या जिभेच्या कडेला कसलासा लेप चोळला.

"दुखतंय का आता?"

"नाही!" दादा म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "कित्येक दिवसांत पहिल्यांदा दुखत नाही!"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. बाबाने हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि खुर्चीशेजारी चौकटीत लावलेल्या नकाशाकडे बोट दाखवलं. आमच्या शहराचा नकाशा होता तो. तोंडाच्या कॅन्सरचे रोगी जिथे जास्त तिथे गडद रंग, कमी तिथे फिका. चारी बाजूंना लाल आणि तपकिरी, आणि मधोमध कारखान्याची वसाहत पांढरीफटक.

"शून्य!" बाबा म्हणाला. "एकही रोगी नाही. हे मी म्हणत नाही. सरकारी ऑफिस म्हणतंय. खाली वाचा नाव!"

खाली नाव होतं ते माझ्या ऑफिसचं.

बाहेर पडताना दारापाशीच बाबाच्या माणसांनी टेबल मांडलं होतं. त्यावर 'शुद्धीकृत तंबाखू'च्या पुड्या होत्या. चूळ भरून विष काढायचं आणि मग बिनघोर ही खायची, असा हिशोब. माझ्या डोळ्यांदेखत दादाने पुडी घेतली, अंगणात उभ्या उभ्या ती फोडली आणि गालात बार भरला. त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. थोरला भाऊ आहे म्हणून हात आवरला.

त्या जिभेच्या कडेला काय होतं ते आता सांगायला हवं. दोन महिन्यांपूर्वी दाढ दुखते म्हणून वहिनींनी दादाला ओढत दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी दाढ पाहिलीच नाही. जिभेच्या कडेला त्यांना एक कडक, पांढरट गाठ लागली. तिचा तुकडा तपासायला पाठवला. तो कॅन्सर निघाला; त्याची नोंद आमच्या ऑफिसात अजून पोहोचली नव्हती. "लहान आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत्ता काढला तर जिभेची थोडी कड जाईल आणि माणूस राहील. तीन महिन्यांनी आलात तर जबडा जाईल, आणि माणसाचं मी सांगू शकत नाही." ऑपरेशनची तारीख ठरली होती, चूळबाबाच्या पुढच्या बैठकीनंतर दोनच दिवसांनी.

संध्याकाळी मी दादाच्या खोलीवर गेले. कारखान्याची वसाहत म्हणजे एकाला एक चिकटलेल्या दोन-दोन खोल्या, सामाईक जिना, जिन्यात वाळत घातलेले कपडे. दादा पलंगावर मांडी घालून बसला होता, लेपाचा असर उतरला होता, आणि गाल धरून तो मला शिकवत होता.

"विष निघालं. सगळ्यांनी पाहिलं. तूही पाहिलंस."

"काळं पाणी पाहिलं मी. गाठ कुठे गेली? जीभ बाहेर काढ, बघू."

"गाठ सुकेल हळूहळू. बाबा म्हणाले."

"आणि ठरलेल्या ऑपरेशनचं काय?"

"ते नाही करायचं." तो खिडकीकडे बघत म्हणाला. "मागावर बसायचं की जीभ कापून घ्यायची? आणि तू मला काय सांगतेस? तो नकाशा तुमच्याच ऑफिसचा ना? या वसाहतीत घरटी एक माणूस तंबाखू खातो. कारखान्यात विडी ओढायला बंदी, हवेत कापूस उडतो, आग लागेल. म्हणून सगळे बार भरतात, माझ्या आधीचेही भरायचे. आणि कॅन्सर एकालाही नाही! आता मला सांग, तू खोटी की तुझा नकाशा खोटा?"

मी चपला शोधायला उठले. ते मला अजून बोचतं. नोकरीला लागून मला वर्षच झालं होतं. आमचं काम साधं आहे: दवाखान्यांतून आणि तपासणीच्या प्रयोगशाळांतून कॅन्सरच्या प्रत्येक रोग्याची माहिती मागवायची, तो राहतो कुठे ते पाहायचं आणि नकाशावर भरायचं. त्यावरून ठरतं तंबाखूच्या टपऱ्या कुठल्या शाळेजवळून आधी उठवायच्या, तोंड तपासणारी गाडी कुठे पाठवायची. जिथे गडद, तिथे गाडी. वसाहत पांढरी, म्हणून इथे गाडी कधी फिरकलीच नव्हती. ऑफिसात कोणालाही पांढऱ्या रंगाची काळजी वाटत नव्हती, कारण पांढऱ्यावर काम करावं लागत नाही.

पण तंबाखू खाणाऱ्या एवढ्या माणसांत शून्य? शून्य ऐकलं की लोकांना समाधान वाटतं. मला मात्र मोजणाऱ्याची शंका येते.

वहिनी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. खाली एका खोलीला कुलूप होतं.

"इथे रंगखात्यातले गाणारे काका राहायचे ना?" मी सहज विचारलं.

"गेले गावी, वन्सं. तोंडात काहीतरी झालं होतं. काम होईना. नोकरी सुटली की महिन्याभरात खोली सोडावी लागते, माहितीये ना तुम्हाला. मग इथे राहून काय करणार?"

"आणि परत आले?"

"परत?" वहिनींनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "परत कोण येतं? समोरच्या पोरीचा बापही असाच गेला. त्याच्या आधी तो भजनातला पेटीवाला. मी म्हटलं तुमच्या दादांना, बघा हो, तर म्हणाले, अशुभ बोलू नकोस."

मी जिन्यातच बसले. रोगी राहतो तिथे आम्ही त्याला मोजतो. इथला माणूस रोगी झाला की इथे राहतच नाही. कारखाना त्याला खोलीबाहेर काढतो, तो दूरच्या गावी जातो, तिकडच्या दवाखान्यात त्याची नोंद होते, नाहीतर कुठेच होत नाही. वसाहतीत उरतात ते निरोगी, आणि जे अजून स्वतःला निरोगी समजतात ते. असा नकाशा पांढराच निघणार. बाबाने काहीही न करता तो पांढरा असता, आणि बाबा इथे यायच्या आधीचे नकाशे मी दुसऱ्या दिवशी काढून पाहिले तर त्यांतही तो पांढराच होता. दोन वर्षांपूर्वी हा माणूस आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला, एवढंच.

काळ्या पाण्याचं कोडं डॉक्टरबाईंनी सोडवलं. मी त्यांना सगळं सांगत होते आणि त्या हातमोजे काढता काढता ऐकत होत्या. "चहा आधी देतो?" त्यांनी मध्येच विचारलं. "कोरा? कडक? आणि दिल्याशिवाय सोडत नाही?" मग त्यांनी कपाटातून गरोदर बायकांना देतात ते लोहाचं पातळ औषध काढलं, चार थेंब ग्लासभर पाण्यात टाकले आणि आपल्या टेबलावरचा निम्मा उरलेला काळा चहा त्यात ओतला. डोळ्यांसमोर पाणी शाईसारखं काळं झालं.

"जुन्या काळी शाई अशीच करायचे," त्या म्हणाल्या. "चहात जे तुरट असतं ते आणि लोखंडाचा क्षार. त्याच्या तांब्यात लोखंडाचा क्षार आहे आणि तुझ्या भावाच्या तोंडात चहा होता. तिसऱ्या चुळीपर्यंत चहा धुऊन निघतो, म्हणून ती स्वच्छ. आणि तो लेप म्हणजे दात काढताना आम्ही लावतो तसलं बधिर करणारं औषध. तासभर दुखत नाही." त्यांनी ग्लास बेसिनमध्ये रिकामा केला. "दुखतं म्हणून माणूस माझ्याकडे येतो गं. हा बाबा दुखणंच बंद करून त्याला घरी पाठवतो. मेल्याला लाज नाही."

पुढच्या बैठकीला आम्ही तिघी गेलो: मी, डॉक्टरबाई आणि वहिनी. या वेळी पहिल्या रांगेत कारखान्याचे मॅनेजरही होते. हॉल फुकट देणारे तेच. बाबा आल्यापासून कामगार उपचारासाठी रजा मागत नाहीत, यावर ते फार खूश होते.

बाबा नकाशापर्यंत यायच्या आत वहिनी उठल्या. मी त्यांना नुसतं सोबत यायला सांगितलं होतं. त्या सरळ चौथऱ्यावर चढल्या. "बाबा, माझंही विष काढा."

बाबा खूश झाला. दारातला चहा वहिनींनी प्यायलाच होता. चूळ भरली, टाकली, वाडगा काळाकुट्ट. "पाहा, पाहा!"

"मी जन्मात तंबाखूला हात लावला नाही," वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मग हे कुठून आलं?"

बाबाची दाढी जरा हलली, पण गडी तयारीचा होता. "नवऱ्याचं विष बायकोत उतरतं, माई! एका छपराखाली राहता ना!" आणि काय सांगू, लोकांनी माना डोलावल्या. हो, हो, उतरत असेल, असं पुटपुटले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर खोटी ठरली तिला लोक स्वतःच टेकू द्यायला धावतात.

मग डॉक्टरबाई वर गेल्या. चेल्याने अडवायच्या आत त्यांनी तांब्या उचलला, दारात चहा चुकवलेल्या तोंडाने चूळ भरली आणि टाकली. स्वच्छ पाणी. "मी घरी एकटी राहते," त्या म्हणाल्या. "म्हणून विष नसेल कदाचित." थोडे लोक हसले. त्यांनी दारातल्या पिंपातला कपभर चहा मागवला. रिकाम्या वाडग्यात बाबाच्या तांब्यातलं पाणी ओतलं आणि वरून चहा. ना तोंड, ना तंबाखू, ना माणूस. वाडगा काळा झाला.

"हे विष कोणाचं, बाबा? वाडग्याच्या बायकोचं?"

आता हसू जोरात फुटलं. चेला पिंपाकडे धावला आणि उगाचच त्याचं झाकण लावू लागला. मला वाटलं, जिंकलो. पण चूळबाबा उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. पाण्याचा रंग म्हणजे भोळ्या लोकांना समजावायची खूण. खूण खोटी धरा. पण फळ? शून्य खोटं आहे का? विचारा या बाईंना, यांच्या भावानेच सांगितलं, त्या त्याच सरकारी ऑफिसातल्या आहेत. विचारा, नकाशा खरा की खोटा?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. दादाही वळला. तो भिंतीला टेकून उभा होता, गालात शुद्धीकृत बार.

"नकाशा खरा आहे," मी म्हणाले. "या वसाहतीत तोंडाच्या कॅन्सरचा एकही रोगी नोंदलेला नाही. बाबा यायच्या आधीही नव्हता. आता मला एवढंच सांगा: तुमच्यापैकी कोणाच्या शेजारचा, खात्यातला, घरातला माणूस तोंडाच्या दुखण्याने काम सोडून गावी गेला? ज्यांना असा एक तरी माणूस माहीत आहे, त्यांनी उभं राहा."

कोणी उभं राहिलं नाही. मॅनेजर वळून लोकांकडे बघत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याच घरात झालं, आपलंच नशीब फुटकं, बोललं तर उरलेल्यांची नोकरीही जाईल.

मग चौथऱ्यावरून वहिनी बोलल्या. "गाणारे काका. आमच्या खालच्या खोलीतले. जाताना त्यांना पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. कोणाच्या खात्यातले ते? सांगा की!"

"आमच्या," रंगखात्यातला एक माणूस म्हणाला आणि उभा राहिला. "गेले ते. मागच्या थंडीत."

सूत गुंडाळणारी एक बाई उभी राहिली. तिला बोलताच येईना, शेजारणीने सांगितलं, तिचा नवरा. मग मागून आवाज आला, पेटीवाला, आमच्या रांगेतला. मग दुसऱ्या कोपऱ्यातून, माझा मामा. मग बाकांवरून एकामागून एक माणसं उठायला लागली आणि नुसता बाकं सरकल्याचा आवाज यायला लागला. बसलेल्यांपेक्षा उभे जास्त झाले तेव्हा मी मोजणं सोडून दिलं. मला मोजवेना. आमच्या ऑफिसला जे इतक्या वर्षांत कळलं नाही ते त्या हॉलमध्ये सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, फक्त प्रत्येकाला एकेक माहीत होतं.

"त्यांची श्रद्धा कमी पडली!" बाबा ओरडला. "अर्धवट उपचार! विश्वास नाही ठेवला त्यांनी!"

"वस्तादांनी नाही ठेवला विश्वास?"

तो दादाचा आवाज होता. तो भिंतीपासून निघाला आणि गर्दीतून वाट काढत चौथऱ्याकडे आला. वस्ताद म्हणजे त्याला माग शिकवणारा माणूस. दादा सोळा वर्षांचा पोरगा असताना तुटलेला धागा डोळे मिटून कसा जोडायचा हे त्यांनी त्याला शिकवलं होतं. बाबाच्या पाठीमागच्या भिंतीवर बऱ्या झालेल्यांचे फोटो लावले होते, स्वच्छ चुळीचा वाडगा हातात धरलेले. दादाने त्यातला एक उपसून काढला.

"हे बघा. बरे झालेले. प्रत्येक बैठकीला यायचे. या बाबाची तंबाखू खायचे. मी स्वतः त्यांना बसमध्ये बसवलं. तोंडाला टॉवेल बांधला होता, वास येत होता म्हणून लोक शेजारी बसेनात. पोहोचल्यावर आठवड्यात गेले." त्याने फोटो बाबासमोर धरला. "हे बरे झालेले कसे? इथे कसे?"

बाबा चेल्याकडे बघू लागला. दादाने गालातला बार बोटाने काढला आणि कुठे टाकावा ते न कळून तसाच हातात धरून उभा राहिला. "मला माहीत होतं," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "मी आजवर मोजलंच नाही त्यांना. मोजलं असतं तर माझीही पाळी दिसली असती."

मी त्याच्याजवळ गेले आणि रडले. लोकांसमोर रडले, त्याची लाज वाटली नाही.

मॅनेजरांनी हॉल रिकामा करायला सांगितलं. चारदोन माणसं आमच्यावरच भडकली. एकाने चहाचा कप डॉक्टरबाईंच्या पायाशी फोडला आणि ओरडला की आमच्या पोटावर पाय देताय. चूळबाबा मागच्या दाराने मॅनेजरांच्याच गाडीत बसून निघून गेला. पोलिसांत तक्रार केली आहे. मध्यंतरी कळलं की दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, तेच पांढरे वाडगे मांडले गेले आहेत. चोराच्या पायाला चाकं असतात आणि कायद्याच्या पायाला बेड्या, हे मी आता माझ्या अनुभवाने सांगू शकते.

दादाचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. जिभेची कड गेली, मानेतल्या गाठी काढल्या. जबडा राहिला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. पुढे बोलता येईल, पण शब्द जरा बोबडे निघतील. तोवर बोलायचं नाही म्हणून वहिनींनी त्याला शाळेतली पाटी आणून दिली.

शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने पाटीवर पहिली गोष्ट लिहिली ती पाणी मागायची नव्हती. त्याने लिहिलं, "वस्ताद मोजले गेले का?"

मी वस्तादांच्या जिल्ह्यातल्या ऑफिसात फोन करून विचारलं. त्यांनी शोधलं. वस्ताद तिकडे कुठल्याही दवाखान्यात गेलेच नव्हते, घरच्या ओसरीवरच गेले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं, म्हातारपण. वस्तादांनी पन्नाशीही गाठली नव्हती. कॅन्सरच्या कुठल्याच मोजणीत ते नव्हते. माणूस असा सडून मेला आणि कागदावर तो म्हातारा होऊन मेला. दादाला मी खोटं सांगू शकले नाही. "नाही," मी म्हटलं. "कुठेच नाहीत."

त्याने पाटी पुसली. मग लिहिलं, "मग मला मोज. आणि कारखान्याचं नाव लिही."

मी लिहिलं. आता आमच्या ऑफिसात प्रत्येक रोग्याला राहतो कुठे याबरोबरच आयुष्यभर काम कुठे केलं हेही विचारतात, आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांनाही आम्ही ते विचारायला लावलं आहे. नव्या नकाशात वसाहत पांढरी नाही. सगळ्यांत गडद तीच आहे. तोंड तपासणारी गाडी आता दर आठवड्याला फाटकाशी उभी राहते, आणि मॅनेजरांनी तिच्याविरुद्ध लिहिलेलं पत्र आमच्या साहेबांनी सगळ्यांना वाचून दाखवलं आणि गाडी चालूच ठेवली. त्या गडद रंगातला पहिला ठिपका माझा भाऊ आहे.

म्हणून तुम्हाला हात जोडून नाही, चिडून सांगते. तंबाखू शुद्ध होत नाही, कोणाच्याही मंत्राने नाही आणि कोणाच्याही तांब्यातल्या पाण्याने नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, ती दुखत नसली तरी डॉक्टरला दाखवा. दुखत नाही हे बरं झाल्याचं लक्षण नव्हे. आणि कोणी तुमच्यासमोर शून्याचा आकडा नाचवला, आमच्याकडे एकही आजारी नाही म्हणून छाती पुढे काढली, तर टाळ्या वाजवायच्या आधी एक प्रश्न विचारा. जे इथे दिसत नाहीत, ते कुठे गेले? उत्तर मिळेपर्यंत गप्प बसू नका.